आजीच्या हिऱ्याशेजारचे दोन हिरे

«ताई, माझा साखरपुडा मार्गशीर्षात आहे. आजीच्या अंगठीतला हिरा आजीने मला दिला. अंगठी पार झिजली होती, म्हणून हिरा काढून घेतला आणि मुंबईत जीआयए या हिरे तपासणाऱ्या संस्थेकडे पाठवला. अहवालात लिहिलंय : ओल्ड युरोपियन ब्रिलियंट, ०.९४ कॅरेट, रंग के, शुद्धता व्हीएस२, फ्लुरोसन्स मध्यम निळा. मला तीन खड्यांची अंगठी करायचीय. मध्ये आजीचा हिरा आणि दोन्ही बाजूंना पाव-पाव कॅरेटचे पेअर (थेंबाच्या) आकाराचे. आमचे सराफ म्हणतात, बाजूला ईएफ-व्हीव्हीएस लावू, पांढरेशुभ्र, अंगठी उठून दिसेल. होणाऱ्या सासूबाई म्हणतात, मधला हिरा पिवळा दिसतोय, तोच बदलून नवा घ्या. दुकानातल्या मुलीने सुचवलं की बाजूचे लॅबग्रोन, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेले, घेतले तर पैसे वाचतील. शिवाय मला प्लॅटिनम आवडतं. काय करू? (मला अगंतुगंच करा.) – एक वाचक, सांगली»

सर्वांत आधी सराफांना निरोप दे की बाजूचे हिरे अजून बसवू नका. ईएफचे, म्हणजे ई आणि एफ या पांढऱ्याशुभ्र रंगांचे, हिरे चांगलेच असतात, महागही असतात, पण तुझ्या अंगठीत ते आजीच्या हिऱ्याचं नुकसान करतील. मधला हिरा बदलायची काही गरज नाही. बदलायचे आहेत ते बाजूचे, आणि तेही अजून घेतलेले नाहीत, तेव्हा काहीच बिघडलेलं नाही.

हिऱ्याचा रंग आपला डोळा सुटा वाचत नाही, शेजारच्या रंगाशी ताडून वाचतो. के रंगाचा हिरा सोन्याच्या अंगठीत एकटा असला, तर घरातलं कुणी त्याला पिवळा म्हणणार नाही. आजीच्या हातात तो इतकी वर्षं होता, तेव्हा कुणी म्हणालं होतं का? त्याच्या दोन्ही अंगांना ई किंवा एफ रंगाचे हिरे ठेव, की डोळ्याला पांढऱ्याचं माप मिळतं आणि मधल्यातली उबदार झाक लगेच उघडी पडते. पैसे जास्त मोजून आपण मुख्य हिऱ्यालाच उणं ठरवतो. सासूबाईंनी तो हिरा कुठे पाहिला हेही आठवून बघ. दुकानात, नव्या हिऱ्यांच्या ट्रेशेजारी पाहिला असेल, तर त्यांना दिसलं ते खरंच दिसलं. पण ते त्या ट्रेमुळे दिसलं.

सराफांनी ईएफ का सुचवलं, तेही सांगते, म्हणजे त्यांच्याबद्दल मनात किंतू राहणार नाही. आपल्याकडे छोटे हिरे रंग आणि शुद्धतेच्या ठरावीक गटांत येतात : ईएफ-व्हीव्हीएस, जीएच-व्हीएस, आयजे-एसआय असे. यात आधी रंगाची अक्षरं, मग शुद्धतेची श्रेणी : व्हीव्हीएस सर्वांत स्वच्छ, मग व्हीएस, मग एसआय. गिऱ्हाईक पांढरा मागतं, म्हणून दुकानदार वरचे गट हाताशी ठेवतो. जे, के, एल रंगाचे चांगले घडवलेले हिरे बऱ्याच पेढ्यांवर नसतातच, ते मुंबईहून किंवा सुरतेहून मागवावे लागतात. तू नेमकं काय मागायचं ते सांगितलंस, तर चांगला सराफ नक्की मागवून देईल.

आता अक्षरांचं. जीआयएची रंगपट्टी डी ते झेड अशी २३ अक्षरांची आहे. डी-ई-एफ म्हणजे रंगहीन, जी ते जे जवळजवळ रंगहीन, के-एल-एम म्हणजे किंचित झाक. हे अक्षर ठरवताना हिरा सुटा असतो, पालथा ठेवलेला असतो, खाली तटस्थ पांढरा ट्रे असतो आणि शेजारी नमुन्याचे हिरे असतात. पालथा ठेवण्याचं कारण असं की वरून बघितलं तर चमक रंगाला झाकून टाकते. म्हणजे अहवालातलं अक्षर हिऱ्याच्या अंगच्या रंगाचं आहे. बोटात तो कसा दिसेल याची हमी त्यात नाही. शिवाय प्रत्येक अक्षर हा एक पट्टा आहे. एक के जे-ला चिकटलेला असतो, दुसरा एल-च्या काठावर असतो, आणि दोघांच्या अहवालावर छापलेलं अक्षर एकच. म्हणून नुसती अक्षरं जुळवलीस की काम झालं, असं समजू नकोस. अक्षर फक्त हिऱ्यांच्या कुठल्या पुड्या मागवायच्या ते ठरवायला वापर. निवड डोळ्यांनीच करायची.

दुसरी गोष्ट आकारमानाची. खिडकीच्या काचेतून आरपार पाहिलं तर ती स्वच्छ दिसते आणि तिचीच कड हिरवी दिसते, कारण कडेने बघताना प्रकाश कितीतरी जास्त काचेतून येतो. हिऱ्यातही प्रकाशाला जितका लांब रस्ता, तितका रंग गडद. त्यामुळे एकाच अक्षराचा लहान हिरा मोठ्यापेक्षा पांढरा भासतो. यावरून पुष्कळ जण असा नियम सांगतात की बाजूचे हिरे बिनधास्त दोन अक्षरं खालचे घ्या. ते सरसकट खरं नाही. एक कॅरेटचा गोल हिरा साधारण साडेसहा मिलिमीटरचा असतो आणि पाव कॅरेटचा चार मिलिमीटरच्या थोडा वर. वजन चौथ्या हिश्श्यावर आलं, पण रुंदी निम्म्याहून जास्तच राहिली. म्हणजे पाव कॅरेटला हा फरक बेताचाच पडतो. एक सेंटचा, म्हणजे कॅरेटच्या शंभराव्या भागाचा, हिरा मात्र जेमतेम १.३ मिलिमीटरचा, तिथे तो भरपूर पडतो. म्हणून तुझ्या पाव कॅरेटच्या जोडीसाठी जे आणि के या दोन रंगांत शोध, एखादी पांढरट एल सापडली तर तीही बघ. आय-च्या वर जाऊ नकोस. उद्या मधल्या हिऱ्याभोवती बारीक हिऱ्यांचं कडं करायची कल्पना निघाली, तर तिथे केएलचा गट माग. एक-दोन सेंटचे जीएचसुद्धा आजीच्या हिऱ्याभोवती पांढऱ्या चुन्याची रेघ ओढल्यासारखे दिसतील.

तुझ्या बाबतीत रंगाइतकाच घडणीचा प्रश्न आहे आणि त्याकडे अजून कुणीच लक्ष दिलेलं दिसत नाही. आजीचा हिरा जुन्या युरोपियन घडणीचा आहे. वरचं सपाट तोंड लहान, माथा उंच, पैलू मोठे, आणि बहुतेक वेळा तळाच्या टोकाला बारीकसा सपाट पैलू, जो वरून मधोमध ठिपक्यासारखा दिसतो. आजच्या गोल ब्रिलियंटच्या प्रमाणांचं गणित मार्सेल टोल्कोव्स्कीने १९१९ साली मांडलं, त्याआधीच्या आणि पुढच्या काही वर्षांतल्या कारागिरांनी असे हिरे घडवले. त्यांच्यातून प्रकाश मोठ्या, संथ झोतांनी परत येतो. आजचा ब्रिलियंट तोच प्रकाश बारीक तुकड्यांत फोडतो, आणि त्या चुऱ्यात अंगचा रंग लपतो. म्हणून आजच्या घडणीचा जे आजीच्या के-शेजारी ठेवलास, तर कागदावर एकाच अक्षराचा फरक असूनही डोळ्याला तो जास्त वाटू शकतो. पेअर आकाराचं आणखी एक आहे. त्याच्या टोकाशी रंग साचतो, आणि काहींच्या पोटात आडवी काळपट सावली पडते. टोक वळवून बघ. तिथला रंग मधल्या हिऱ्याशी जुळत असेल आणि बाकीचं अंग किंचित फिकं असेल, तर जोडी चालेल.

मला विचारशील तर पेअरच्या जोडीने दोन पर्याय बघूनच ठरव. एक म्हणजे जुन्या घडणीचे लहान गोल हिरे. जुने दागिने मोडले जातात तेव्हा असे खडे मुंबईच्या झवेरी बाजारात फिरतात. सराफांना सांगून ठेवलंस, तर जुळणारी जोडी मिळू शकते, मात्र वेळ द्यावा लागेल. मिळाली तर तिन्ही हिरे एकाच रीतीने उजळतील, आणि त्यापुढे मला दुसरं काही सुचवावंसं वाटणार नाही. दुसरा पर्याय ट्रॅपिझॉइड, म्हणजे एका अंगाला निमुळते होत गेलेले चौकोनी हिरे. त्यांचे पैलू पायऱ्यांसारखे असतात, चमक शांत असते, आणि ते मधल्याशी स्पर्धा करत नाहीत. पण पायऱ्यांच्या पैलूंत रंग झाकला जात नाही, तेव्हा तिथेही जे-के याच रंगांत राहायचं आणि प्रत्यक्ष शेजारी ठेवूनच पारखायचं.

झाकेचा प्रकारही बघ. बहुतेक हिऱ्यांत पिवळेपणा येतो तो स्फटिकातल्या नायट्रोजनमुळे. पण सगळेच के पिवळट नसतात, काही तपकिरीकडे झुकतात. पिवळट के आणि तपकिरी के शेजारी ठेवले, तर अक्षर एक असून ते एका घरातले वाटत नाहीत. बाजारात यासाठी सरळ शब्द आहे : ‘नो बीजीएम’, म्हणजे ब्राउन नको, ग्रीन नको, मिल्की नको. सराफांना मागणी देताना हे तीनही सांग. दुधाळ हिरा तर कुठल्याही रंगाचा असला तरी मधल्याची शोभा घालवतो.

आता प्रत्यक्ष पारखायचं कसं, हे नीट वाच. यावरच सगळं ठरणार आहे.

दुकानात जाताना आजीचा हिरा सोबत ने आणि सकाळी ऊन चढायच्या आधी जा. शोरूमचे झोताचे दिवे हिऱ्याला लकाकी देण्यासाठीच लावलेले असतात, त्यांच्याखाली जी आणि के यांतला फरकही धूसर होतो. दाराशी किंवा खिडकीपाशी, सावलीतला उजेड जिथे येतो तिथे बसू द्या म्हण. अंगात भडक साडी किंवा ड्रेस नको, कपड्याचा रंग हिऱ्यात उतरतो. एक कोरा पांढरा कागद घडी घालून त्याची पन्हळ कर, तिन्ही हिरे त्या पन्हळीत पालथे ठेव आणि कडेने बघ. मग त्यांच्यावर हलकेच श्वास सोड. वाफेने क्षणभर चमक जाते आणि तेवढ्यात अंगचा रंग दिसतो. बाजारातली माणसंही असंच करतात, त्यात संकोच नको. या पहिल्या पाहणीत बाजूचे दोन हिरे एकमेकांशी जुळताहेत का ते आधी बघ, मधल्याशी नंतर. डाव्या-उजव्यातला फरक अंगठीत सर्वांत आधी खटकतो. लांबी-रुंदी आणि टोकाचा निमुळतेपणा सारखा आहे का, हेही याच वेळी.

ही पाहणी नापास करण्यासाठी आहे. पास करायची ती सुलट्या पाहणीत. कारागिराला तिन्ही हिरे मेणात, अंगठीत बसतील तेवढ्याच अंतरावर, तोंड वर करून बसवून द्यायला सांग. ही नेहमीची रीत आहे, कुणी नाही म्हणणार नाही. ते मेण बोटावर धर, हात लांब कर, जवळ आण, तिरका कर. आधी सावलीतल्या उजेडात, मग दुकानाबाहेर मोकळ्या प्रकाशात, मग घरी असतो तशा साध्या पिवळसर दिव्याखाली. तिन्ही ठिकाणी तुझी नजर आधी मधल्या हिऱ्यावर गेली पाहिजे आणि तिथेच थांबली पाहिजे. बाजूचे आधी दिसले तर ते जास्त पांढरे आहेत, त्यांना बाजूला कर आणि खालच्या रंगाची पुढची पुडी मागव. बाजूचे मधल्यापेक्षा किंचित उबदार वाटले तर घाबरू नकोस, त्यांच्यामुळे मधला हिरा उलट उजळ दिसतो. एकाच बैठकीत खूप जोड्या पाहू नकोस, डोळा शिणला की सगळेच हिरे सारखे दिसायला लागतात.

तुझ्या अहवालात फ्लुरोसन्स मध्यम निळा आहे, म्हणून बाहेरच्या प्रकाशातली पाहणी अजिबात टाळू नकोस. उन्हात अतिनील किरण असतात, त्यांच्यामुळे असा हिरा पुसट निळा उजळतो. निळं पिवळ्याला मारतं. त्यामुळे आजीचा हिरा खुल्यावर थोडा अधिक पांढरा वाटू शकतो. फ्लुरोसन्स म्हणजे दोष असं तुला कुणी तरी सांगेलच. जीआयएने १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निळा फ्लुरोसन्स ठळक असलेले हिरे वरून पाहताना रंगाने उजवेच वाटले होते, आणि बहुतेक निरीक्षकांना त्यांच्या पारदर्शकतेत काही फरक आढळला नव्हता. के रंगाच्या हिऱ्याला तर हा गुण आहे. बाजूच्या हिऱ्यांतही तेवढाच फ्लुरोसन्स शोधत बसायची गरज नाही, फक्त उन्हात आणि घरात दोन्हीकडे मेळ पटतो ना, एवढं बघ.

धातूबद्दल माझं मत स्पष्ट आहे : १८ कॅरेट पिवळं सोनं, आणि खडे पकडणारे प्राँगही पिवळ्याच सोन्याचे. पिवळ्या सोन्याशेजारी के पांढरा वाटतो. प्लॅटिनमशेजारी त्याची झाक दिसते, आणि प्लॅटिनम पांढरंच राहत असल्यामुळे ती कायमची दिसत राहते. व्हाइट गोल्डवर ऱ्होडियमचा मुलामा असतो, तो झिजला की खालचा पिवळसरपणा वर येतो, मग पुन्हा मुलामा द्यावा लागतो. प्लॅटिनमचा हट्टच असेल, तर बाजूचे हिरे आणखी जपून, के-च्या अगदी जवळचे निवड. बाजूचे जुळलेले असले की प्लॅटिनममध्येही तिन्ही मिळून उबदार रंगाची ठरवून केलेली अंगठी वाटते. पण मेणातली परीक्षा त्या धातूच्या एखाद्या अंगठीवर ठेवून घे.

लॅबग्रोनचं म्हणशील तर ते खरेच हिरे असतात, त्यांना मी नावं ठेवत नाही. पण बाजारात ते मुख्यतः डी-ई-एफ रंगांतच येतात, म्हणजे आपण जो दोष टाळायला निघालोय तोच पुन्हा पदरात पडणार. त्यातही सीव्हीडी (वायूतून थर चढवून वाढवलेल्या) पद्धतीच्या काही हिऱ्यांत तपकिरी किंवा करडी झाक असते, एचपीएचटीच्या (प्रचंड दाब आणि उष्णतेत वाढवलेल्या) काहींत निळसर. आजीच्या पिवळट हिऱ्याशेजारी यांपैकी कुठलीच बसत नाही. पैसे वाचवण्याचा प्रश्न इथे आपोआप सुटतो, कारण जे-केची नैसर्गिक जोडी त्याच वजनाच्या आणि शुद्धतेच्या ईएफपेक्षा बरीच स्वस्त मिळते. शुद्धतेतही व्हीव्हीएसवर पैसे घालू नकोस. मधला व्हीएस२ आहे, बाजूला व्हीएस किंवा नुसत्या डोळ्याला स्वच्छ दिसणारे एसआय१ पुरेत.

सासूबाईंशी यावर वाद घालू नकोस. त्यांना दुकानात सोबत ने. दोन मेणं तयार ठेव. एकात आजीच्या हिऱ्याशेजारी ईएफची जोडी बसवून दाखव, मग तोच हिरा काढून जे-केच्या जोडीशेजारी दाखव. रंगाची अक्षरं सांगू नकोस, किंमतही सांगू नकोस. कुठला बरा वाटतो, एवढंच विचार. बहुतेकांना दुसऱ्यात मधला हिरा पांढरा आणि मोठा वाटतो. त्यांनाही तसं वाटलं, तर आपल्या सुनेच्या बोटातला हिरा पिवळा आहे ही खंत त्यांच्या मनातून आपोआप जाईल, आणि निवड दोघींची होईल. नाहीच वाटलं, तर प्रेमाने सांग की हा आजीचा आशीर्वाद आहे आणि मला तो असाच हवाय. हे सांगण्याचा तुला पूर्ण हक्क आहे.

एखादा कारागीर म्हणेल की जुना हिरा नव्याने घडवून घ्या, चमक वाढेल. त्याला नाही म्हण. वजन घटेल, रंग सुधारण्याचा भरवसा नाही, आणि जुन्या हातांनी केलेली घडण पुन्हा मिळायची नाही.

शेवटी व्यवहाराचं. हिरा सोडण्याआधी दुकानातच त्याचं वजन करून पावतीवर लिहून घे, अहवालाचा क्रमांकही लिही. दहापट भिंगातून त्याच्या आतल्या खुणा स्वतः बघून ठेव, तळाच्या पैलूचा फोटो काढ. अंगठी हाती आली की त्याच खुणा पुन्हा बघ. तयार अंगठीचं प्रमाणपत्र देऊ असं कुणी म्हटलं, तर लक्षात घे की बसवलेल्या हिऱ्याचा रंग अंदाजेच सांगता येतो. म्हणून बाजूच्या जोडीचं वजन, रंग आणि शुद्धता बसवण्याआधीच ठरवून बिलावर वेगळी लिहून घे, ‘नैसर्गिक’ या शब्दासकट. सोन्याचं वजन हिरे वजा करून धरलंय का बघ. पाच कॅरेट म्हणजे एक ग्रॅम, फार नाही, पण हिशोब चोख हवा. आतल्या बाजूला ७५० (१८ कॅरेट सोन्याची खूण) आणि एचयूआयडीचा, म्हणजे हॉलमार्कच्या ओळखक्रमांकाचा, सहा अक्षर-अंकी शिक्का असला पाहिजे. जोडी शोधायला वेळ लागतो, तेव्हा मागणी याच आठवड्यात दे आणि घडणावळीचं बोलणं हिरे मेणात पसंत झाल्यावर कर.